एक पाय आखूड: ऑपरेशन करायचं का, आणि केव्हा?

एक डॉक्टर म्हणतात थांबा. दुसरे म्हणतात, चांगल्या पायावर छोटं ऑपरेशन करू. तिसरे रिंग लावून पाय लांब करू म्हणतात. आता ऐकायचं कोणाचं? ज्यांच्या मुलाचा एक पाय आखूड आहे, ते पालक हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात.

तिघांचंही बरोबर असू शकतं. एकाच मुलाला सहाव्या वर्षी थांबायला सांगणं, बाराव्या-तेराव्या वर्षी लांब पायाची वाढ रोखणं आणि अठराव्या वर्षी रिंगचा विचार करणं, हे तिन्ही सल्ले आपापल्या जागी योग्य आहेत. सगळं अवलंबून असतं ते हाडांत वाढ किती शिल्लक आहे यावर. सगळ्यात सोपं ऑपरेशन फक्त वाढत्या वयातच करता येतं. “जरा मोठा होऊ दे, मग बघू” म्हणत अनेक घरं नेमकी तीच वर्षं घालवतात, आणि मग मुलाच्या वाट्याला अवघड ऑपरेशन तेवढं उरतं.

आधी मोजमाप नीट करून घ्या

लंगडणाऱ्या प्रत्येक मुलाचा पाय आखूड असतोच असं नाही. खुबा आखडला असेल, कंबर एका बाजूला झुकली असेल किंवा टाच टेकत नसेल, तरी पाय आखूड भासतो. हाडं मात्र सारखी असतात. उलटही घडतं. लांब पायाचा गुडघा किंचित वाकवून किंवा आखूड पायाच्या चवड्यावर चालून मुलं फरक इतका बेमालूम लपवतात की घरात तो कोणाच्या लक्षातच येत नाही. घरी एवढं बघा:

- पँटची किंवा सलवारची एकच बाजू नेहमी जमिनीला घासते का?
- शाळेच्या दोन बुटांपैकी एकाचाच पुढचा भाग झिजतो का?
- अनवाणी, पाठमोरं उभं केल्यावर कमरेची एक बाजू वर दिसते का?
- तान्ह्या बाळाला उताणं झोपवून, गुडघे दुमडून दोन्ही पावलं टेकवली की एक गुडघा खाली राहतो का? तसं दिसलं तर खुबा निखळलेला असू शकतो. त्याच आठवड्यात दाखवा.

दवाखान्यातली खरी तपासणी अगदी साधी असते. मुलाला अनवाणी, भिंतीकडे तोंड करून उभं करतात. आखूड पायाखाली अर्धा, एक, दोन सेंटीमीटर जाडीचे लाकडी ठोकळे एकेक करून सरकवतात. डॉक्टर मागे बसून मुलाच्या कमरेच्या दोन्ही हाडांवर आपले अंगठे टेकवतात. अंगठे एका रेषेत आले की ठोकळ्यांची जाडी म्हणजेच पायांतला फरक. “असं वाकडं का वाटतंय?” असं काही मुलं त्या वेळी विचारतात. इतकी वर्षं ती तिरकी उभी राहत आलेली असतात, त्यामुळे सरळ उभं राहणंच त्यांना नवं वाटतं.

यानंतर उभ्याने काढलेला, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एकच लांब एक्स-रे लागतो. मुलाला झोपवून टेपने एकदा घेतलेल्या मापावर कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर ती घेऊ नका. आधी हा एक्स-रे मागा.

आजच्या फरकावर निर्णय होत नाही

ऑपरेशन ठरवताना बघायचं असतं ते वाढ पूर्ण होईल तेव्हा फरक किती असेल. तो अंदाज कारणानुसार बदलतो.

फरक *जन्मजात* असेल, तर दोन्ही पायांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बहुधा तेच राहतं आणि पाय वाढतील तसा फरकही वाढतो. मुलींच्या पायाची निम्मी लांबी साधारण तिसऱ्या वर्षी आणि मुलांच्या पायाची साधारण चौथ्या वर्षी पूर्ण होते. म्हणजे तीन वर्षांच्या मुलीत जन्मजात फरक दीड सेंटीमीटर असेल, तर मोठेपणी तो तीनच्या आसपास जाईल. आज दीड सेंटीमीटर ही किरकोळ गोष्ट वाटते, आणि म्हणूनच ती विसरली जाते.

हाडाच्या टोकाशी असलेली *ग्रोथ प्लेट*, म्हणजे जिथून हाड लांबीला वाढतं ती कूर्चेची पट्टी, अपघाताने किंवा पू होऊन खराब झाली असेल, तर तिथली वाढ मंदावते किंवा थांबते आणि फरक वर्षागणिक वाढत जातो. तान्हेपणी खुब्यात पू झालेल्या मुलांत पुढे मोठे फरक पडतात. ताप आलेलं बाळ एक पाय हलवत नसेल, लंगोट बदलताना कळवळत असेल, तर सकाळपर्यंत वाट बघू नका. तो सांधा तासांच्या हिशेबाने खराब होतो.

*मांडीचं हाड मोडल्यावर* मात्र उलट होतं. दोन ते दहा वर्षांच्या मुलांत मोडलेलं हाड जुळून आल्यावर पुढची दीड-दोन वर्षं जरा जास्तच वेगाने वाढतं, बहुतेकदा सेंटीमीटरभर. म्हणून प्लास्टर काढल्यावर पाय थोडा आखूड दिसला तर घाबरून जाऊ नका. पण दोन वर्षांनी पुन्हा मोजून घ्या.

एका पायाबरोबर त्याच बाजूचा हातही मोठा असेल, म्हणजे *अर्धं अंगच जास्त वाढत असेल*, तर अशा मुलांत मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या काही गाठींचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करण्याचा प्रघात त्यासाठीच आहे. पायाच्या चर्चेत ही गोष्ट राहून जाते. तुम्ही स्वतः विचारा.

अंदाज बांधायला एका मापावर भागत नाही. दर सहा महिन्यांनी, शक्यतो एकाच ठिकाणी मोजमाप करा आणि जुने एक्स-रे फेकू नका. गादीखाली वळून पडलेल्या तीन वर्षांपूर्वीच्या फिल्मवरूनही डॉक्टरांना फरक वाढण्याचा वेग कळतो.

वाढ पूर्ण होताना किती फरक राहील?

- दोन सेंटीमीटरपर्यंत: बहुतेकांना काहीच लागत नाही. हवं तर बुटात पॅड.
- दोन ते पाच: वाढ शिल्लक असेल, तर लांब पायाची वाढ रोखणं हा पहिला विचार.
- पाचच्या पुढे: आखूड पाय लांब करणं, कधी त्याच्या जोडीला दुसऱ्या पायाची वाढ रोखणं.
- फारच मोठा, पंधरा-वीसच्या घरात: टप्प्याटप्प्याने अनेक ऑपरेशनं किंवा कृत्रिम पायाची जोड. इथे घाई न करता अनुभवी केंद्रात सविस्तर बोला.

या रेषा दगडावरच्या नाहीत. मुलाची एकूण उंची, सांधे किती मोकळे आहेत, पावलाची स्थिती, असं बरंच काही बघावं लागतं. पोलिओने किंवा अशाच कारणाने आखूड पाय कमजोर असेल, तर एखादा सेंटीमीटर फरक मुद्दाम ठेवतात, म्हणजे चालताना पाऊल जमिनीला अडखळत नाही.

बुटाची उंची

एक-सव्वा सेंटीमीटरपर्यंतचं पॅड बुटाच्या आत बसतं. त्याहून जास्त आत घातलं तर टाच बाहेर निघते, म्हणून तळ बाहेरून वाढवावा लागतो. वजनाला हलकं साहित्य मागा. फरक जितका तितकीच उंची द्यायची गरज नसते. थोडी कमी दिली की चालायला बरं पडतं. बूट हा कमीपणा नाही. आणि तो घातल्याने हाडाची वाढ थांबते, हा गैरसमज आहे.

“चांगल्या पायाला हात का लावायचा?”

सगळ्यात जास्त घरं इथे अडतात. आजी म्हणते, धड पाय बिघडवून घेताय. मनात कालवाकालव होणं अगदी साहजिक आहे, म्हणून हे सावकाश समजून घ्या.

पायाची जवळपास दोन तृतीयांश वाढ गुडघ्याभोवती होते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं, नडगीच्या हाडाचं वरचं टोक साधारण सहा मिलिमीटर. ढोबळ हिशेबात मुलींची ही वाढ चौदाव्या आणि मुलांची सोळाव्या वर्षी थांबते. लांब पायाची यातली एक किंवा दोन्ही ठिकाणं वेळेवर बंद केली की तो पाय थांबतो आणि आखूड पाय उरलेल्या वर्षांत त्याला गाठतो.

बारा वर्षांची मुलगी घ्या. हिशेबाने दोन वर्षं शिल्लक. मांडीच्या हाडाची खालची ग्रोथ प्लेट बंद केली तर सुमारे दोन सेंटीमीटर भरून निघतात. नडगीची वरची प्लेटही बंद केली तर तीनच्या थोडं वर. हीच मुलगी साडेतेराव्या वर्षी आली तर हाती उरतो जेमतेम अर्धा-पाऊण सेंटीमीटर. वर्ष-दीड वर्षाच्या ढिलाईची किंमत एवढी मोठी असते.

मात्र जन्मतारखेचं वय आणि हाडाचं वय वेगळं असू शकतं. म्हणून डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय ठरवतात. मुलीला पाळी सुरू झाली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यानंतर वाढ झपाट्याने आटोपत येते. पाळीचं डॉक्टरांसमोर बोलायला संकोचून अनेक आया गप्प राहतात, आणि हिशेब चुकतो.

ऑपरेशन दोन प्रकारे होतं. एकात बारीक छेदांतून ड्रिलने प्लेट कायमची बंद करतात; ते उलटवता येत नाही. दुसऱ्यात स्क्रू किंवा छोट्या पट्ट्या घालून वाढ रोखतात आणि गरज संपली की त्या काढतात. दोन्हींत मूल सहसा एक-दोन दिवसांत घरी जातं. कुबड्या काही आठवडे, खेळ काही महिन्यांनी. धोके आहेतच: फरक थोडा उरणं, थोडा जास्त भरला जाणं, प्लेट एका बाजूनेच बंद होऊन पाय तिरका होणं. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत सहा महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही.

उंचीचं म्हणाल, तर जेवढा फरक भरून काढायचा तेवढीच ती कमी होते, तीन सेंटीमीटरला तीन सेंटीमीटर. दोन-पाच सेंटीमीटरच्या फरकासाठी महिनोन् महिने रिंग लावण्यापेक्षा हा सौदा मुलाच्या हिताचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त घरातली उंचीच फार कमी असेल तर पुन्हा विचार करा.

पाय आखूड नाही, वाकडा वाढतोय

दोन वर्षांपर्यंत पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखे असणं आणि तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे एकमेकांना लागणं, हे बहुतेक मुलांत नैसर्गिक असतं. सातव्या वर्षापर्यंत पाय सरळ होतात. पण एकच पाय वाकडा असेल, बाक वाढत असेल किंवा मूल वयाच्या मानाने बुटकं असेल, तर दाखवा. ऑपरेशनआधी रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ड जीवनसत्त्व तपासलंच पाहिजे. मुडदूस असेल तर आधी औषध. अनेकदा तेवढ्यानेच पाय सुधारतो.

तरीही बाक राहिला तर ग्रोथ प्लेटच्या एका बाजूला दोन स्क्रूंची छोटी प्लेट बसवतात. ती बाजू थांबते, दुसरी वाढत राहते आणि पाय साधारण वर्ष-दीड वर्षात सरळ होतो. हाड कापावं लागत नाही. पण हेही वाढ शिल्लक असेपर्यंतच.

रिंग लावून पाय लांब करणं

सोव्हिएत रशियातल्या कुर्गान शहरात गावरिल इलिझारोव्ह यांनी ही पद्धत विकसित केली. हाड कापून बाहेरून रिंग बसवतात, आठवडाभर थांबतात आणि मग रोज एक मिलिमीटर या वेगाने दोन तुकडे दूर नेतात. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. फिरवणं दिवसातून चार वेळा, दर वेळी पाव मिलिमीटर. ते डॉक्टर करत नाहीत. तुम्हीच घरी करता.

म्हणून होकार देण्याआधी हे काम डोळ्यांसमोर आणा. हातात छोटा पाना, सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी, निजताना. कोणता नट कुठल्या दिशेला, हे दवाखान्यातच रंगाने बाण काढून घ्या आणि फिरवल्याची खूण तक्त्यावर करत जा, नाहीतर आई एकदा फिरवते आणि बाबा पुन्हा. पिना जिथे कातडीतून आत जातात त्या जागा शिकवल्याप्रमाणे स्वच्छ ठेवायच्या. हळद, तेल, लेप काही नाही. तिथे थोडाफार जंतुसंसर्ग होणं नेहमीचं आहे, बहुतेकदा गोळ्यांनी आटोक्यात येतो. बरं वाटावं म्हणून गुडघ्याखाली उशी देऊ नका. गुडघा त्याच स्थितीत आखडून बसतो. व्यायाम रोज, मूल रडलं तरी.

काळ किती? एका सेंटीमीटरमागे रिंग साधारण एक ते दीड महिना. पाच सेंटीमीटरला पाच ते सात-आठ महिने. या काळात खाली बसायचं शौचालय वापरता येत नाही, कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. पँट बाजूने उसवून नाड्या शिवून घ्या.

ताबडतोब दवाखाना गाठा, जर:

- बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा पाऊल वर उचलता येईना
- ताप आला आणि पिनेभोवती पू, लाली वाढू लागली
- गुडघा किंवा घोटा दिवसेंदिवस आखडू लागला
- नट फिरेनासा झाला किंवा पिन सैल झाली

हाडाच्या आत बसवायचा, बाहेरून चुंबकाने लांबवता येणारा रॉडही मिळतो. तो महाग आहे, आणि ग्रोथ प्लेट उघड्या असलेल्या लहान मुलांत त्याला मर्यादा आहेत.

फसगत कुठे होते

मालिशने, ट्रॅक्शनने, टॉनिकने आखूड हाड लांब होत नाही. मूल तापलेलं असताना किंवा मार लागलेला असताना मालिश तर धोक्याचीच. दुसरी फसगत उंची वाढवण्याच्या जाहिरातींची: ज्या दवाखान्यात धडधाकट तरुणांना रिंग लावतात, तिथे मुलांच्या हाडांचा अनुभव असेलच असं नाही. मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञांचं मत घ्याच. परळचं बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय किंवा तुमच्या भागातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथून सुरुवात करता येईल.

होकार देण्याआधी विचारा, उत्तरं वहीत लिहा:

- वाढ पूर्ण होताना फरक किती राहील, आणि तो अंदाज कशावरून काढला?
- हाडाचं वय किती आलं? किती काळ थांबलो तर पर्याय हातचे जातील?
- असं ऑपरेशन तुम्ही मुलांवर नियमित करता का?
- पट्ट्या, रिंग काढण्याचं ऑपरेशन आणि फिजिओथेरपी या खर्चात धरली आहे का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. रिंग काढायला पैसे नाहीत म्हणून ती महिनाभर जास्त पायात राहिल्याची उदाहरणं आहेत.

खर्च आणि तुमचे हक्क

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत एकदा येतात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आणि पुढे उपचारांसाठी पाठवता येतं. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या मुलाचं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. पैसे भरून नंतर मागता येत नाहीत. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकांना भेटा, तेही दाखल होण्याआधी.

केस पेपरच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हव्यात. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी एक्स-रे अडवून ठेवता येत नाहीत.

दिव्यांगत्वाबद्दल: २०१६ च्या कायद्याखालचे बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. फक्त दोन-तीन सेंटीमीटरच्या फरकाने एवढे टक्के भरत नाहीत. सांधे आखडलेले, स्नायू कमजोर असतील तर गणित बदलतं. पण रिंग लावलेल्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणायला मुख्याध्यापकांना आजच अर्ज द्या, आणि सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा.

पट्ट्या घालून गाव सोडताना

वाढ रोखणाऱ्या पट्ट्या आणि स्क्रू वेळेवर काढले नाहीत तर पाय उलट्या बाजूला वाकडा होतो किंवा लांब पाय आता आखूड पडतो. मूल हिंडतं-फिरतं, दुखत नाही, म्हणून तपासणी राहून जाते. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या किंवा बदलीची नोकरी असलेल्या घरांत हे जास्त घडतं. निघण्याआधी डॉक्टरांना सांगा की परत केव्हा येणार आहात. हंगामाच्या आधी आणि नंतर अशी तपासणी बसवता येते. डिस्चार्ज कार्ड आणि शेवटच्या एक्स-रेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कार्डाची झेरॉक्स सामानात ठेवा, आणि पट्टी काढण्याची अंदाजे तारीख कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून मागा. ज्या आजीकडे किंवा आश्रमशाळेत मूल मागे राहणार असेल, त्यांनाही ती तारीख सांगून ठेवा.